न लागलेली लग्नं

कुठल्याही घरात पाऊल टाकलं की हिरीच्या डोक्यात पहिला हिशेब एकच व्हायचा. इथे कोणाचं लग्न लागायचं राहिलंय?

बोरपाड्यात आणि आजूबाजूच्या पाड्यांत ही काही झाकून ठेवायची गोष्ट नव्हती. पोरगापोरगी एकमेकांना पसंत पडली, दोन्हीकडची माणसं बसून ताडी प्यायली की पोरगी नांदायला यायची. लग्न मागाहून. भात चांगलं आलं, बकरं जमलं, गावाला जेवण घालायची ऐपत आली की लग्न. ती कोणाला दोन वर्षांनी यायची, कोणाला वीस. नवरी कडेवर पोर घेऊन उभी राहिली तरी कोणी वळून बघत नसे. खुद्द हिरी आणि हाल्याचं लग्न राहिलं होतं. त्यांचा मुलगा उमेश उंबरगावच्या कारखान्यात जायला लागला, त्याची बायको प्रगती घरात येऊन तिला मूल झालं, तरी ना बापाचं लग्न लागलं होतं ना लेकाचं.

हाल्याचं कारण सरळ होतं. तो धाकटी डहाणू बंदरातल्या बोटीवर खलाशी. नारळी पौर्णिमा झाली की जायचा, तो पावसाच्या तोंडावर यायचा. लग्नाचे दिवस असायचे तेव्हा तो समुद्रात. होळीला चार दिवस घरी आला की अंगाला मासळीचा वास, हातांना दोरीचे घट्टे, आणि दिवसभर झोप. अशा माणसाशी लग्न कधी लावायचं? एक वर्षी त्याच्या बोटीवरचा एक खलाशी परत आलाच नाही. तेव्हापासून हिरीच्या मनाने घेतलं की याला जमिनीवर आणायचा.

२०१५ साली तलासरीला बायकांच्या गटांसाठी धंद्याचं शिक्षण निघालं. शिकवायला डहाणूची शितलताई होती, तिशीतली, शांत बोलणारी, एखादी बाई बोलत असली की मध्ये न बोलणारी. तिने प्रत्येकीला विचारलं, काय करणार. कोणी कोंबड्या म्हणाली, कोणी नागलीचे पापड. हिरी म्हणाली, "मांडव."

"मांडव तर तुमच्याकडे सगळे मिळून घालतात ना?"

"घालायचे. आता पोरं कारखान्यात जातात. जांभळीच्या डहाळ्या आणायला सुट्टी कोण देतो? पाइप पाहिजेत, कापड पाहिजे, मोठे टोप पाहिजेत. तलासरीहून आणायचं तर टेम्पोवाला गळा कापतो."

"वर्षाला लग्नं किती होतील?"

हिरीने बोटांवर तीन पाडे घरोघर मोजले. जी जोडपी नांदत होती आणि ज्यांचं लग्न राहिलं होतं, ती सगळी. चाळीसच्या वर गेली. शितलताई बघतच राहिली. एवढी गिऱ्हाइकं आधीपासून ठरलेली असलेला धंदा तिने पाहिला नव्हता. चार वर्षांचा आराखडा झाला, दर वर्षाचं उद्दिष्ट लिहिलं गेलं, गटाच्या नावावर कर्ज मिळालं. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला हाल्या बोटीवर गेला नाही. पाइप रंगवत बसला.

मांडव तो बांधायचा तो बघण्यासारखा. बोटीवरच्या गाठी त्याच्या हातात होत्या. वारा सुटला तरी कनात फडफडायची, सुटायची नाही. हिरी टोप मोजून द्यायची, मोजून घ्यायची, आणि खरवड राहिली असली तर नवरीच्या आईला सुनवायची.

पहिला मोसम संपला आणि शितलताई आढाव्याला आली. ठरलेल्यातली निम्मीसुद्धा लग्नं झाली नव्हती.

"पीक वाईट होतं का?"

"पीक बरं होतं," हिरी म्हणाली. "काकड्याने घात केला."

काकड्या पाड्यातला म्हातारा. त्याचं लग्न राहिलेलं, त्याच्या मुलाचं राहिलेलं, आणि नातवाने नुकतीच पोरगी आणलेली. हिरीने त्या घरातली तीन लग्नं धरली होती. काकड्याने तिन्ही एकाच दिवशी लावली. आजा, बाप, नातू ओळीने उभे, तिन्ही नवऱ्यांना हळद एकाच पाट्यावर वाटलेली, मांडव एक, जेवण एक, भाडं एक. नंतर तीच तऱ्हा झाली. सगळी घरं मुलाच्या लग्नाची वाट बघत थांबली होती. मुलाचा मांडव पडला की त्यातच आपलंही उरकून घ्यायचं. तसंच होत आलं होतं. हिरीने लहानपणापासून पाहिलं होतं. आणि मोजायला बसली तेव्हा नेमकी विसरली.

"मग भाडं जोडप्यावर घ्या," शितलताईने सुचवलं.

हाल्या कोपऱ्यात विडी वळत होता, तो हसायला लागला. "मांडवाला काय, खाली किती उभे आहेत ते कळतं का?"

"तू गप बस," हिरी म्हणाली.

आराखडा दुरुस्त झाला. उद्दिष्ट खाली आलं, आणि एक नवं कलम आलं, की लोकांना समजावून लग्नं वेळेवर लावायला तयार करायचं. हिरी समजवायला निघाली. पाण्याला गेली तरी तोच विषय. बायकांना आधी गंमत वाटली, मग कंटाळा आला. जमना तोंडाची फटकळ, ती एकदा भर विहिरीवर म्हणाली, "आली लग्न लावणारी. अगं, तुझं लागलंय का? धवलेरीला तुझ्या दारात आलेली आम्ही तरी नाय पाहिली."

धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. त्या पाड्यांची धवलेरी म्हातारी लाडकी, तीही तिथेच हंडा भरत होती. 

हिरी घरी येऊन धुसफुसली. हाल्या म्हणाला, "खरंच आहे की तिचं. लावू या ना आपलं. मांडव घरचा, टोप घरचे."

"ह्या मोसमात? तारखा गिऱ्हाइकाला कमी पडतात."

"कुठे कमी पडतात? अर्धे पाइप घरात पडलेत."

"आले एकदम तर? आपल्या लग्नात सामान गुंतवून ठेवू?"

"मग कधी?"

"पुढच्या वर्षी."

हाल्याने परत विचारलं नाही. पुढच्या वर्षी त्याने आपणहून विषय काढला नाही, आणि हिरीला वाटलं, विसरला.

२०१७चा आढावा हिरीच्या ओटीवरच झाला. धंदा उभा होता, पण पाय लटपटत होते. कर्जाचा हप्ता गेला की हातात राहायचं ते एवढंच, की हाल्याला बोटीवर धाडावं लागत नव्हतं. तो आणखी एक वर्ष घरी राहील की नाही हे येत्या मोसमावर होतं. शितलताईलाही हे कळत होतं. तिने विचारलं, "आता राहिलेत कोण कोण? नावं सांगा. मी स्वतः एकेकाला भेटते."

हिरीला चेव आला. तिने घराघरातली नावं सांगितली. कोणाचं कशाने अडलंय, कोणाचा सासरा कुजका, कोणाच्या बकऱ्या रोगाने गेल्या, सगळं सांगितलं. शितलताई लिहीत होती आणि हसतही होती. शेवटी हिरी म्हणाली, "आणि आम्ही. ते पण लिहा. मांडववालीचंच राहिलंय."

शितलताईने तेही लिहिलं.

पुढच्या फेब्रुवारीत पाड्यावर एक जीप आली. मुंबईच्या कुठल्याशा दानशूर मंडळींना सामूहिक विवाह सोहळा करायचा होता. लग्न न लागलेल्या जोडप्यांचं लग्न, अगदी फुकट. वर नवरीला साडी आणि मंगळसूत्र, नवऱ्याला कपडे, घराला भांड्यांचा संच. लग्नाचा दाखलाही मिळणार होता. जीपमधली माणसं दारात उभी राहून नावाने हाका मारत होती. हिरी ऐकत होती. तिने ज्या ओळीने घरं सांगितली होती, त्याच ओळीने हाका येत होत्या.

ती दुसऱ्या दिवशी तलासरीला गेली. शितलताई तिला बघून उठली, खुर्ची दिली.

"माझी गिऱ्हाइकं दिलीत तुम्ही."

"हिरीताई, त्यांनी आमच्या ऑफिसात विचारलं, गरजू जोडपी कुठे आहेत. मला वाटलं, चांगलंच आहे. त्यांची लग्नं व्हावीत हेच ना आपलं उद्दिष्ट होतं?"

"लग्नं व्हावीत हे नव्हतं. माझ्या मांडवात व्हावीत हे होतं."

"तसं आपण लिहिलं नव्हतं," शितलताई म्हणाली, आणि म्हटल्यावर तिचाच चेहरा पडला. मग तिने फोन लावला. मांडवाचं काम तरी या बाईंना द्या म्हणाली. पलीकडून उत्तर आलं की काम वापीच्या ठेकेदाराला दिलंय, हजारो माणसं बसायची आहेत, घरगुती सामानाचा उपयोग नाही.

हिरी हायवेवर बसची वाट बघत उभी राहिली. शितलताईशी भांडावं इतकाही राग तिला येईना. घरी आली तर प्रगती साडीचा रंग कोणता असेल याचा विचार करत बसलेली.

"कोणाची साडी?"

प्रगतीने सासऱ्याकडे पाहिलं. हाल्या म्हणाला, "मी नावं दिली. ह्या दोघांची आणि आपली."

हिरीने हातातली पिशवी टाकली. "सगळा पाडा तिकडे गेला ते थोडं झालं? तूपण माझ्या धंद्यावर माती टाकलीस?"

"धंदा तुझा आहे. लग्न माझंपण आहे."

"आपल्या मांडवात लावणार होतो ना?"

"कधी?" त्याचा आवाज चढला नाही. "बोटीवर वारा उठला की मला काय वाटायचं माहीत आहे? बुडालो तर हिरीला कोणी रांडवसुद्धा म्हणणार नाय. लग्नच कुठे लागलंय. तेव्हा तुला सांगितलं नाय. मग तीन वर्षं रोज दुसऱ्याचे मांडव बांधले. तू म्हणालीस पुढच्या वर्षी. मी किती वेळा विचारायचं?"

हिरीकडे याला उत्तर होतं. त्याच्याचसाठी तर तिने हे सगळं मांडलं होतं. पण ते आता सांगायला गेलं तर भीक मागितल्यासारखं झालं असतं. ती चुलीकडे गेली.

लग्न एप्रिलच्या ऐन उन्हात, हायवेलगतच्या मैदानावर झालं. जोडप्यांच्या छातीवर नंबरांचे बिल्ले लावले. हिरी-हाल्या एका रांगेत, उमेश-प्रगती मागच्या. भटजी स्टेजवरून कर्ण्यात बोलत होता. लाडकी धवलेरी पाहुण्यांच्या खुर्चीत बसली होती, जेवणाचं कूपन मुठीत धरून. तिला कोणी काही विचारलं नाही. हाल्याने नवा सदरा घातला होता आणि तो खूश होता. लपवावं असंही त्याला वाटत नव्हतं. मंगळसूत्र बांधताना त्याने हिरीच्या मानेवर इतकी पक्की गाठ मारली की ती कळवळली. मग तिने मान वर केली ती वरच्या कापडाकडे. कापड भारी होतं. बांधणी मात्र ढिली होती. एका बाजूची कनात सुटून वाऱ्यावर आपटत होती.

जेवणं चालू असतानाच ठेकेदाराचा मुकादम ओरडायला लागला. "खाली करो भाई, शाम को भिलाड में शादी है." त्याची दोन माणसं आली नव्हती. कोपऱ्यातली गाठ आवळून बसली होती आणि एक पोरगा तिच्यावर विळा घासत होता.

"कापू नको," हाल्या म्हणाला. हळद लागलेल्या अंगाने, छातीवर बिल्ला असलेला तो शिडीवर चढला आणि गाठ सोडून खाली आला. मग दुसरी सोडली.

मुकादम हसत जवळ आला. "दूल्हा है क्या रे? काम तो जानता है. कल से आएगा?"

हाल्याने हिरीकडे पाहिलं. मिळालेल्या भांड्यांच्या खोक्यावर ती बसली होती. पाड्यात आता लग्नं राहिली नव्हती; जी नव्याने राहतील ती पुढच्या वर्षी याच मैदानावर फुकट लागणार होती. घरात पाइपांची चळत होती, कर्ज होतं, आणि चार महिन्यांनी नारळी पौर्णिमा.

ती उठली. "रोजचं काय देणार?"

मुकादमाने आकडा सांगितला. हिरी म्हणाली, जेवण वेगळं पाहिजे. तो म्हणाला, देऊ. ती म्हणाली, टोप घासायला बाई लागते का? तो म्हणाला, लागते. हाल्या मान खाली घालून बिल्ल्याची टाचणी काढत होता.

"आणखी एक," हिरी म्हणाली. "आमचे पाइप आहेत. कापड, ताडपत्री, सगळं आहे. घेणार असाल तर उद्या दाखवते. चांगलं आहे. फार वापरलेलं नाही."