खिडकीमागचे काका

कोपरला आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त काका एकटेच राहायचे. मासळीवाली मावशी फाटकाच्या आत कधी यायची नाही. बाहेरूनच त्यांच्या खिडकीचे गज वाजवायची. खुर्चीत पेंगणारे काका ताडकन उठायचे, तिन्ही मजल्यांवर “ताजे बोंबील!” म्हणून वर्दी द्यायचे आणि परत येऊन पेंगायचे. स्वतः मात्र अंडंही खात नसत.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचो. जी-प्रोटीन पोरांच्या डोक्यात शिरेना, तेव्हा मी काकाच फळ्यावर काढले. इमारत म्हणजे पेशी, मावशी म्हणजे पेशीबाहेरच थांबणारा निरोप, खिडकी म्हणजे रिसेप्टर, आणि आत वर्दी देऊन आपोआप शांत होणारं जी-प्रोटीन म्हणजे काका.

पुढच्याच रविवारी गज वाजले, पण काका उठले नाहीत. मावशीने पाटी फाटकाशी ठेवली आणि तरातरा त्यांच्या घरात शिरली. मागोमाग मी. काका तापाने फणफणले होते.

“ओ काका, काय झालं?” मावशीने विचारलं.

डोळे न उघडता काका पुटपुटले, “बोंबील का पापलेट? वर सांगतो.”

सोमवारी पोरांना काय सांगावं, कळेना. निरोप खुद्द पेशीत शिरला होता, आणि मासळीच्या हातांनी प्रोटीनच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होता.