रस्ता कोणाच्या पैशाचा

त्या रविवारी अकोल्यातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात परिसंवाद होता. राज्यानं रस्त्यांसाठी पैसा कुठून आणावा, टोलमधून की करातून, असा विषय. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, म्हणून टोलची बाजू माझ्याकडं आली होती. कराच्या बाजूनं बोलणार होते माझे भाऊजी, मूर्तिजापूरच्या एका शाळेतले मास्तर. आयोजकांना आमचं नातं ठाऊक नव्हतं. भाऊजींनी सांगितलं नाही, मीही नाही. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न ताईबद्दल आला असता.

ताई माझी मोठी बहीण, भाऊजींची बायको. अमरावती-अकोला रस्ता तेव्हा कित्येक वर्षं उकरून पडला होता. एक ठेकेदार काम सोडून गेला, दुसरा आला, तोही गेला. अशात एका दुपारी ताईच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी लगेच अमरावतीला न्यायला सांगितलं. ॲम्ब्युलन्समध्ये तिच्याजवळ फक्त भाऊजी होते. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. ऑपरेशन झालं, पण ती शुद्धीवर आलीच नाही. मी पोचले तेव्हा तिच्या केसांत रस्त्याची पांढरी धूळ तशीच होती. ती मी पदरानं पुसत बसले होते, एवढंच त्या दिवसाचं मला धड आठवतं.

सभागृहात आधी मी बोलले. टोलच्या रस्त्यावर ठेकेदाराला रस्ता पूर्ण केल्याशिवाय एक पैसा मिळत नाही, म्हणून तो काम टाकून पळत नाही. पेट्रोलवरचा कर तिजोरीत जातो आणि पुढं कोणत्या वाटेनं जातो, ते कोणालाच कळत नाही. बोलताना माझा आवाज चढला. अर्थशास्त्रात आवाज चढवण्यासारखं काही नसतं, तरी चढला.

मग भाऊजी उठले. त्यांच्या सदऱ्याची कॉलर एका बाजूनं मुडपली होती. ताई असती तर खालूनच खूण केली असती. मी ती कॉलर बघत राहिले.

"गाडी घेतली तवा कर भरला, डिझेलवर भरला, आता रस्त्यात उभं करून परत मागून राहिले," ते म्हणाले. "आन टोल कुठं जमते? जिथं ट्रक धावतात तिथं. चांदूर बाजारच्या आतल्या खेड्याले कोण टोलवाला रस्ता बांधून देईन? तिथली बाई अडली त तिनं का करावं?"

'बाई अडली' म्हणताना ते थांबले. पाणी प्यायले. टाळ्या पडल्या.

शेवटी मागच्या रांगेतला एक गृहस्थ उभा राहिला. "तुमी दोघंही चांगलं बोलले. पण रस्ता अर्धा पडून होता तवा जे लोक गेले, त्यांच्याबद्दल कोणीच बोलून नाही राह्यलं."

मी भाऊजींकडं पाहिलं नाही. तेही माझ्याकडं पाहत नव्हते. सूत्रसंचालकानं वेळ संपल्याचं सांगितलं आणि आभार मानले.

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "आईकडं चालली ना? चल, सोडतो. मलेही भेटायचंच हाय त्याईले."

आई अमरावतीला एकटी राहते. आम्ही निघालो. रस्ता आता नवा, सपाट. मूर्तिजापूर मागं पडलं आणि भाऊजींनी अचानक वेग कमी केला. इतका, की मागचे ट्रक हॉर्न वाजवत बाजूनं निघून जाऊ लागले.

"काय झालं?"

"काही नाही. इथं डायव्हर्शन होतं."

खिडकीबाहेर कपाशीची पराटी उभी होती, ऊन उतरत होतं. इतकी वर्षं जे विचारलं नव्हतं, ते मी विचारलं. "भाऊजी, ताई गाडीत काही बोलली होती का?"

त्यांनी काच वर केली. "एकच बोले. हळू घ्या. मी ड्रायव्हरले म्हणो जोरात घे, ती म्हणे हळू घ्या. तो बिचारा कोणाचं ऐकन? त्यानं माझं ऐकलं." मग म्हणाले, "इथं आलो की मले ऐकू येते. काच लावली तरी येते."

त्यांनी गाडी बाजूला घेतली नाही. तशीच हळू चालवत राहिले, बडनेरा येईपर्यंत.

आईनं चहा ठेवला. भाऊजींनी तिलाही ते सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. आई ऐकत राहिली, मग म्हणाली, "तिले लहानपणापासून गाडी लागे. मोर्शीच्या बसमध्ये बसली की ड्रायव्हरले म्हणे, हळू घ्या."

"मले कधी नाही सांगितलं तिनं. आमी तर सदाई मोटरसायकलवर."

"तुमाले काहून सांगन? लाज वाटे तिले."

ताई ते दुखण्यानं म्हणत होती की सवयीनं, हे आता कोणाला विचारणार? मला वाटलं, आईच्या बोलण्यानं भाऊजींना थोडं हलकं वाटेल. पण ते चहावर साय धरेपर्यंत बसून राहिले आणि म्हणाले, "मंग त मी ऐकाले पाह्यजे होतं."

तीनेक आठवड्यांनी त्यांचा फोन आला. तिवशाच्या एका मंडळानं आम्हा दोघांना त्याच विषयावर बोलवलं होतं.

"यावेळी बाजू बदलून घेऊ," ते म्हणाले. "मी टोलवर बोलतो, तू करावर."

"का?"

"रस्ता कोणाच्या पैशानं झाला असता त लवकर झाला असता, हेच तर आपण दोघं शोधून राहिलो."

मी हो म्हटलं. कराच्या बाजूनं काय बोलायचं याचा विचार मी त्याच दिवशी सुरू केला. मुद्दे टोलच्या वेळेइतकेच भराभर सुचत गेले, आणि त्याचीच मला भीती वाटली.