दोन पात्यांचा पंखा अन् चार पेच

नागपुरात हवेवरच्या विजेचा पंखा सगळ्यात पहिले मी उडवला. फिरवाचा होता, तो भाग वेगळा.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. हुडकेश्वरच्या पल्याड तेव्हा नुसते वावरं होते. तिथं कॉलेजच्या एका साहेबानं लोखंडी खांबावर दोन पात्यांचा पंखा उभा केलता. साहेब पुण्याकडचा. हाताखाली आम्ही दोघं रोजीवाले, मी अन् खापरखेड्याहून सायकलनं येणारा माह्या जोडीदार. परमनंट जागा एकच होती. पंखा नीट चालला की दोघातून एकाले तिथं घेतो, असं साहेबानं सांगून ठेवलं होतं.

जोडीदार सातवी शिकलेला, पण बोलताना अडके. मी शाळेची भिंत पाहिली होती, बाहेरून. पण त्याच्या अडकण्यावर माह्यं मस्त चाले. दिवसभर त्याची नक्कल. चहावाला तर नकलेपायी मले फुकट चहा दे. साहेबही गालात हासे. म्हणून मले वाटे, जागा माह्यीच.

पंख्याची भानगड अशी, की पाते दोनच. एक वर, एक खाली असे उभे झाले की वरच्याले हवा जोरात लागे, खालच्याले कमी, अन् आख्खा खांब ताप भरल्यावाणी थरथरे. मंग साहेबानं पात्यांच्या बुडाशी दांडी लावली. वर गेलं की पात्यानं जरासं तिरपं होऊन हवेले वाट द्याची, खाली आलं की पुन्हा हवा धराची. दर फेऱ्याले हेच. त्या तिरपेपणाले साहेब पिच म्हणे. हे मले आता समजते. आमच्यात स्क्रूले पेच म्हणत, अन् मले वाटे साहेब शिकलेला आहे म्हणून पेचाले पिच म्हणते.

"पिच म्हणजे काय समजतं ना रे तुला?" साहेबानं इचारलं.

"पिच कसतच लहानाचा मोठा झालो साहेब," मी म्हटलं, अन् पेचकस घेऊन खांबावरच्या मचाणावर चढलो.

पंखा दोरीनं बांधून ठेवला होता. खालून साहेब ओरडला, "पिच दोननं कमी कर!"

पात्याले धरून ठेवणारे जाडजूड पेच होते चार. मी दोन काढले अन् देले खाली वावरात फेकून. "झाले दोन!"

"अजून एक कमी कर!"

मी तिसराही काढला. मनात म्हटलं, कंजूषच आहे बुवा हा मानूस.

तिसरा पेच जोडीदाराच्या पायापाशी पडला. त्यानं उचलून पाह्यला, वर पाह्यलं, अन् ओरडाले लागला, "सा-साहेब, पे... पे... पे..."

मी वरून तोंडाशी हात नेऊन भोंगा वाजवला. "पें पें पें! बाजूले व्हा गा, ट्रक आला!"

चहावाला हासला. साहेब हासला. बिचाऱ्यानं पेच तळहातावर धरून साहेबापुढं नेला, तर साहेब म्हणे, "नंतर सांग," अन् सोताच दोरी सोडली. मी खाली उतराले पाह्यजे होतं. पण मले जवळून पाहाचं होतं, अन् लोकायले मी वर दिसाचं होतं.

तीनच फेरे झाले. पातं सुटलं, मचाणाच्या कठड्यावरच्या माह्या उजव्या हातावरून गेलं, अन् वावरात जाऊन रुतलं. चार बोटं संगं घेऊन गेलं. अंगठा तेवढा ठेवला. मी अंगठेबहाद्दर आहो हे त्याले कोणी सांगतलं कोण जाणे.

जागा जोडीदाराले भेटली. महिन्याभरानं तो घरी पाहाले आला. बायकोनं चहा ठेवला. मी म्हटलं, "भाऊ, साहेबापाशी माह्यासाठी शब्द टाक ना. चौकीदारी का असंना."

तो बशीतला चहा फुंकत राह्यला. त्याचं बोलणं मी पहिल्यांदाच पुरं होऊ देलं.

"का-काय सांगू साहेबाले? हा-हात गेला, तोंड तेवढं चालू आहे म्हणून?"