न पिणारा पेशंट

खाटेवर नवरा झोपला होता आणि गोळी बायकोला द्यायची होती.

नांदेडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात मी समुपदेशक होते. म्हणजे पेशंटशी आणि घरच्यांशी बोलायचं. तेव्हा मी पन्नाशीची, म्हणजे नुसती पोर. हुशारी फार. बायका उपचाराला येत नाहीत म्हणून मी गेटवर मोठ्ठा गुलाबी बोर्ड लावला होता : ‘महिला व्यसनमुक्ती कक्ष’. समोरच एसटीचा थांबा. कंधार-मुखेडची निम्मी माणसं तिथं उभी. त्यांच्या डोळ्यांदेखत त्या बोर्डाखालून कोण शिरणार? वर्षभरात एक शेळी आली.

मग सुंदराबाई आल्या. मागच्या दारानं, नवऱ्यासोबत. मुखेडकडच्या, शेतात राबणाऱ्या. कंबर दुखते म्हणून शिंदी, म्हणजे ताडीसारखी झाडाची दारू, सुरू केलेली. भेसळीच्या शिंदीत झोपेच्या गोळ्यांची पूड असते. ती एकदम बंद केली तर अंग थरथरतं, झटके येतात. म्हणून अ‍ॅडमिट करून, औषध देत देत नशा उतरवायची. त्याला डिटॉक्स म्हणतात.

"अ‍ॅडमिट न्हाई व्हायची मी," सुंदराबाई म्हणाल्या. "पोरीची सोयरीक जळकोटला जमून राहिली. माय शिंदी पिते कळलं तर मोडंल."

"घरीच सोडली तर जिवावर बेतेल," डॉक्टर म्हणाले.

मी स्त्रीसन्मानावर बोलायला लागले. बाई थरथरत ऐकत होत्या.

"झालं का मॅडम तुमचं?" कोपऱ्यातून त्यांचा नवरा, माणिकराव म्हणाला. "बाप पितो म्हणून कुठं सोयरीक मोडली का आजवर?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग मला झोपवा खाटेवर. पेशंटसंग घरचं माणूस ऱ्हातंच की. ती ऱ्हाईल."

"तुम्ही काय पिता?" मी विचारलं.

"चहा. लई."

डॉक्टरांनी केसपेपर सुंदराबाईंच्याच नावाचा केला. स्वतंत्र खोली दिली. बघणाऱ्यानं काय समजायचं, तो बघणाऱ्याचा प्रश्न.

दोनच दिवसांत होणारे व्याही केळी घेऊन हजर. सुंदराबाई सोबतीच्या खाटेवर, ब्लँकेटमध्ये कुडकुडत.

"विहीणबाईला काय झालं?"

"माझ्यापायी जागरण," माणिकराव म्हणाला.

"बघा, काय हाल केले बाईचे! सोडा आता."

"सोडतो," त्यानं मान खाली घातली.

व्याह्यांनी त्याला पोटभर झापलं. जाताना मला म्हणाले, "माणूस भला हाय हो. थोडीबहुत कोण पीत न्हाई?"

लग्न झालं. सुंदराबाईंची शिंदी सुटली. तपासणीला आल्या तेव्हा हसून सांगत होत्या, गावानं माणिकरावाला दारू सोडल्याबद्दल शाल-नारळ दिला.

"भाषण केलं का त्यांनी?"

"केलं की. म्हणले, बायकोनं लई सोसलं. तेवढं खरं हाय."

माझा बोर्ड आता पाण्याच्या हौदावर झाकण म्हणून आहे. त्यानंतर आलेल्या प्रत्येक बाईला मी आधी हेच विचारलं, नवरा खाटेवर झोपेल का? बहुतेक नवरे नाही म्हणाले. बदनामी होते म्हणे. त्यांतले कितीतरी रोज पिणारे होते.