पदर सावरल्याचा पुरावा

भीमाबाई गजभिये नागपुरातल्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होती. १९७३च्या जानेवारीत तिचा उजवा हात जिनच्या रुळात सापडला. बोटं तुटली नाहीत, पण पट्ट्या सुटल्या तेव्हा ती वळतही नव्हती. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर वस्तीतल्या वर्गात ती सही करायला शिकली होती. भरपाईच्या अर्जावर तिला अंगठा उठवावा लागला. अपघातात रडली नाही, ती बाई तेव्हा रडली. अर्ज मीच लिहिला होता. युनियनच्या कचेरीत मी कारकून होतो.

मालकाचं म्हणणं एकच होतं. अपघात जेवणाच्या सुट्टीत झाला, म्हणून भरपाई लागत नाही. कमावण्याची ताकद साठ टक्के गेली, हा डॉक्टरांचा दाखला तर मालकाच्या वकिलांनी लेखी मान्य केला होता. म्हणून आमचे वकील आनंदराव यांनी डॉक्टरांना साक्षीला बोलावलंच नाही. वाद उरला फक्त वेळेचा. शेजारच्या जिनवरची कांताबाई नोकरीची पर्वा न करता साक्षीत सांगून गेली, "सुट्टीचा भोंगा व्हायचा होता साहेब. जिन चालूच होतं."

निकालाच्या दिवशी भरपाई आयुक्तांनी वाचलं, अपघात कामावरच झाला. भीमाबाईने सुटकेचा श्वास सोडला. पण ते पुढे वाचतच राहिले. साक्ष देताना अर्जदार बाईने उजव्या हाताने डोक्यावरचा पदर सावरला. म्हणजे हात बराचसा चालतो. सबब नुकसान साठ नव्हे, वीस टक्के.

मालकाचे वकीलसुद्धा चमकून वर बघायला लागले. हे त्यांनीही मागितलं नव्हतं.

भीमाबाई उभी राहिली. "काहून साहेब? मले एका शब्दानं तरी विचारलं काय तुमी? मनगटानं ढकलला म्या पदर. हे पाहा." तिने टेबलावरची पेन्सिल उचलायला हात घातला. पेन्सिल घरंगळत खाली पडली.

"निकाल झाला आहे, बाई. आता बोलता येणार नाही."

"झाल्यावर बोलता येत नाही, आधी तुमी सांगत नाही. मंग बोलायचं कवा?"

शिपायाने तिला बाहेर काढलं. साहेबांपुढे अदब म्हणून तिने पदर सावरला, आणि साहेबांनी तोच तिच्याविरुद्ध लावला! डॉक्टरांना विचारलं नाही, तिला विचारलं नाही, तो हात हातात घेऊन पाहिलासुद्धा नाही.

आनंदरावांनी हायकोर्टात अपील केलं. त्याला तीन वर्षं लागली. त्या काळात भीमाबाई नागपुरातल्याच इंदोऱ्याच्या चौकात टमाटे विकायला बसली. टोपली एका हाताने उचलेना, म्हणून मुलगी प्रेमिला सातवीतून शाळा सोडून सोबत आली.

शेवटी हायकोर्टाने म्हटलं, ज्यावर वादच नव्हता आणि ज्यावर कोणाचं ऐकून घेतलं नाही, त्यावर आयुक्तांना निकाल देता येत नाही. साठ टक्के कायम झाले. मी धावत चौकात गेलो.

भीमाबाईने सगळं ऐकून घेतलं. "अन् त्या साहेबाले काही बोलले का?"

"नाही. तसं नसतं."

"तर माह्या पोरीचे तीन वर्षं असेच गेले म्हणा."

पुढच्या जूनमध्ये ती प्रेमिलाला घेऊन शाळेत गेली. वय जास्त झालं, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या. भीमाबाई तिथल्याच बाकावर बसली, आणि रजिस्टरात पोरीचं नाव चढेपर्यंत उठली नाही.