पालथा खल

त्या सकाळी मी खल धुतला, पण पुसला नाही. ओलाच पालथा घातला. घाईत राहून गेलं असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलो, पण घाई मुळीच नव्हती. हातात कोरडं फडकं होतं आणि बाहेर ऊन होतं.

पालथ्या खलात एवढं काय, हे कळायला आमच्या दवाखान्याची रीत ठाऊक हवी. तेव्हा बीदर हैदराबाद संस्थानात होतं. कंपौंडरची परीक्षा पास झाल्यावर मी आणि माझा जोडीदार तिथल्या दवाखान्यात मुक्कामी शिकाऊ म्हणून राहिलो होतो. मागच्या खोलीत राहायचं, वॉर्डासाठी औषधं बनवायची आणि हेड कंपौंडरच्या हाताखाली उरलेलं शिकायचं. या हेड कंपौंडरांना सगळे बडे मियाँ म्हणत. मुक्काम संपताना हैदराबादहून एक डॉक्टर तपासणीला येत आणि आमच्यातल्या एकाला तिथल्या मोठ्या दवाखान्यात पुढच्या शिक्षणाला निवडत. जागा एकच. दुसऱ्यानं तालुक्याच्या दवाखान्यात जायचं आणि जन्मभर खोकल्याचं औषध ढवळायचं, असं मला तेव्हा वाटे.

बड्या मियाँचा नियम असा की आपला खल आपण धुवायचा नाही, जोडीदाराचा धुवायचा. "अपना तो कोई भी धोता मियाँ," ते म्हणत, "दुसरे का धो के दिखाव." धुतलेला खल पुसून, ऊन दाखवून फळीवर पालथा घालायचा. उताणा असेल तर तो अजून ओला; पालथा असेल तर कोरडा. पालथा खल कुणी पुन्हा तपासत नसे. तपासणं म्हणजे जोडीदारावर अविश्वास.

माझा जोडीदार ठाणाकुशनूरकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. मी नौबादचा, दुकानदाराचा मुलगा. माझं उर्दू त्याच्यापेक्षा चांगलं होतं, अक्षरही चांगलं होतं. हे दोन्ही मी मनात धरून असे, कारण बाकी सगळं त्याचं चांगलं होतं. त्याच्या गोळ्या एकसारख्या उतरत, मोत्यांसारख्या. पुड्या बांधताना त्याची बोटं कागदावर टेकतात की नाही असं वाटे. बाटलीवर एका वेळच्या घोटाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची, तर मी कात्री घेऊन मोजत बसे. तो पट्टी दुमडून दोनदा कात्री चालवी आणि खुणा बरोबर येत.

पण याहून मला लागे ते माणसांचं. खिडकीशी आलेल्या बायका माझ्याकडं बाटली देत नसत. "त्या अण्णाला बोलवा की," म्हणत. कुणाशी कानडीत, कुणाशी दखनीत, पूर्वेकडच्या गावांतल्यांशी मोडक्या तेलुगूत तो बोले आणि मला 'अण्णा' म्हणे. मी त्याच्याहून थोडा मोठा होतो, एवढ्यावरून. भाकरी आली की आधी माझ्यापुढं ठेवी. "खा की अण्णा, कामून बसलायस?" मी खाई, आणि त्याच्या आईच्या हातच्या शेंगाच्या चटणीचासुद्धा मला हेवा वाटे. तो आजारी पडावा असं कधी वाटलं नाही. त्याचा हात एकदा तरी चुकावा, सगळ्यांसमोर, एवढंच वाटे. रोज वाटे.

तपासणीच्या आदल्या दिवशी बडे मियाँ आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांना सांगत होते, ते मी दाराआडून ऐकलं. "इसका हाथ देखो साब. हैदराबाद में भी नइं मिलता ऐसा." माझं नाव त्यात कुठंच आलं नाही.

हैदराबादहून आलेल्या डॉक्टरांनी एरंडेलाचं दूध करायला सांगितलं. नुसतं एरंडेल आजाऱ्याला गिळवत नाही, म्हणून ते डिंकाच्या भुकटीबरोबर घोटून, मग पाणी घालून दुधासारखं करतात. खल ठणठणीत कोरडा हवा. आत ओल असली तर डिंकाच्या गाठी होतात, तेल वेगळं राहतं, आणि मग काही केल्या ते जमत नाही. हे आम्ही दोघंही जाणत होतो.

त्यानं फळीवरून मी पालथा घातलेला खल उचलला, सरळ केला आणि बोट न फिरवता तेल ओतलं. पांढऱ्या चिनी मातीवर ओल दिसत नाही. मी माझ्या खलाशी होतो. तो खल त्यानं धुतला होता, आणि तो हाडासारखा कोरडा होता. माझ्या बत्त्याखाली थोड्या वेळात चटचट आवाज यायला लागला. दूध जमल्याची ती खूण. त्याच्या खलातून आवाज येईना. तो जोरानं घोटत होता, कानशिलावरून घाम उतरत होता. एकदा थांबून त्यानं डिंक बोटावर घेतला, चोळला आणि माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही.

"ये क्या बनाये मियाँ?" तपासणीचे डॉक्टर खलात वाकून म्हणाले. "फटे दूध सरीका दिखरा."

बड्या मियाँचा चेहरा उतरला. "बोल ना रे, क्या हुआ?"

खल ओला होता, एवढं तो म्हणाला असता तर पुरे होतं. कुणी धुतला हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"हात चुकला साब," तो म्हणाला.

हैदराबादला मी गेलो. जाताना त्यानं माझी ट्रंक मोटारीच्या टपावर चढवली, दोरी बांधली, ओढून पाहिली. त्या वेळी मला लाज वाटायला हवी होती. वाटला तो हेवाच. असं गप्प राहणं मला कधी जमलं नसतं, आणि ते त्याला सहज जमलं, याचा हेवा. हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात माझं औषध चांगलं उतरलं, कुणी शाबासकी दिली, की मनात पहिला विचार येई की त्याचं याहून पातळ आणि पांढरं झालं असतं.

पुढं मी गुलबर्ग्याला हेड कंपौंडर झालो, शिकाऊ मुलं माझ्या हाताखाली आली. त्यांना सगळं शिकवलं. एकमेकांचा खल धुण्याची रीत मात्र लावली नाही.

संस्थान जायच्या थोडं आधी औषधांचा साठा बघायला मला हुमनाबादच्या दवाखान्यात जावं लागलं. तो तिथं आहे हे ठाऊक असूनच मी गेलो. त्याचे केस पिकले होते, बोटं तशीच. खिडकीशी दुबलगुंडीची एक बाई नातवाला घेऊन उभी होती. "ह्या अण्णाच्या हातचं असलं की लेकरू थुकत न्हाई बघा," ती मलाच सांगत होती. मला पुन्हा तोच जुना हेवा वाटला. या वयात, त्याच माणसाबद्दल.

"ये अण्णा, बस," तो म्हणाला. "गुलबर्ग्याचं पाणी मानवलं की तुला. पोट सुटायलंय."

"तुझं सुटलं न्हाई का?"

"मला कोण खाऊ घालतंय बसून? हितं मीच साहेब, मीच शिपाई."

बोलता बोलता त्यानं फळीवरचा पालथा खल घेतला. सरळ केला. आतून बोट फिरवलं, सावकाश, तळापासून काठापर्यंत. मग फडकं घेऊन कोरडा खल पुन्हा पुसला.

"कामून रे?" माझ्या तोंडून निघून गेलं. "पालथाच व्हता की. कुणी धुतलता?"

"मीच की."

"मग?"

"सवय लागलीय, अण्णा." खाली बघतच तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सुटलो असतो.

जागा मी घेतली हे मला नेहमीच ठाऊक होतं. जागेबरोबर आणखी काय घेतलं, ते त्या बोटाकडं बघताना कळलं. स्वतः पुसलेल्या खलावरही त्याचा भरवसा राहिला नव्हता.

बाई औषध घेऊन गेली. मी उठलो, त्याच्या हातातून वापरलेला खल घेतला आणि मागच्या रांजणाशी जाऊन धुतला. "अरं, ठेव की, तू कामून करायलास?" तो मागून म्हणत राहिला. मी पुसला, उन्हात धरला, पुन्हा पुसला. मग आत आणून पालथा न घालता उताणाच त्याच्यापुढं ठेवला.

"त्या दिवशी तुझा खल ओला व्हता," मी म्हणालो. "मला ठाऊक व्हतं. मुद्दाम पालथा घातला. तुझा हात चुकला न्हाई, कधीच चुकला न्हाई. माझ्यानं बघवत नव्हतं, म्हणून केलं. चुकलो मी. माफ कर म्हणायला लई उशीर केला. आता ह्यात बोट फिरवून बघ."