शेजारी गेलेले केक पॉप

मुलगी नागपूरला शिकायला गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. तेव्हा कळलं, की इतकी वर्षं आम्ही नवरा-बायको बोलत होतो ते तिच्यामार्फत. "आईला सांग, भाजी अळणी झाली." "बाबांना सांग, मीठ समोरच आहे." ती गेल्यावर बायको जेवून टीव्हीपुढे बसायची, टीव्हीवर काय लागलंय हे तिला सांगता आलं नसतं.

त्या फेब्रुवारीत मुलीचा फोन आला. "बाबा, चौदा तारखेला आईसाठी काहीतरी करा ना. स्वतःच्या हातानं."

"आपल्याकडं असं कोनी करते का?"

"म्हणून तर करा."

मी आठवून पाहिलं. लग्न झाल्यापासून मी बायकोच्या हातात स्वतःहून दिलेली वस्तू म्हणजे बाजाराची पिशवी. एकदा, एकदाच, तिला काहीतरी नुसतं तिच्यासाठी म्हणून द्यावं, असं मनानं घेतलं.

मुलीनं व्हिडिओवर केक पॉप शिकवले. बेकरीतला साधा केक कुस्करायचा, साय कालवायची, गोळ्या वळायच्या, आइसकांडीच्या काड्यांवर टोचायच्या आणि वितळलेल्या चॉकलेटात बुडवायच्या. सोपं आहे म्हणे. बायको बचत गटाच्या बैठकीला गेली आणि मी ओट्याशी उभा राहिलो. धानाची मूठ भरून दाणा पारखायची सवय असलेला माझा हात. माझी पहिली गोळी तेरवीच्या लाडवाएवढी झाली आणि काडीवरून सुळकन खाली बसली.

"बाबा, बोराएवढी करा!" फोनमधून पोरगी हसून हसून लोळत होती.

शेवटी जमलं. वरून लावायला रंगीत दाणे पाहिजे होते, ते आमच्या गावात कुठले? मी गोड बडीशेपेची पुडी आणली आणि त्यातली लाल-लाल तेवढी वेचून लावली. ओट्यावर एक धुतलेलं स्टीलचं ताट पालथं होतं, त्यात सगळं मांडलं, वर झाकण घातलं, फ्रिजमध्ये ठेवलं आणि आंघोळीला गेलो. इस्त्रीचा शर्टही काढून ठेवला होता. म्हणजे तयारी पूर्ण होती.

आता आमच्या गल्लीतल्या ताटांबद्दल सांगायला पाहिजे. ती कधी स्वतःच्या घरी नसतात. कुणाकडून अनरसे येतात, कुणाकडून तिळाचे लाडू. आणि आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही, निदान साखर तरी ठेवायची. ताटामागं नाव कोरलेलं असतं. ते वाचायचं मला सुचलं नाही.

आंघोळ करून फ्रिज उघडला, तर ताट नाही.

"यातलं ताट कुठं गेलं?"

"शेजारी देऊन आली," नुकतीच परतलेली बायको म्हणाली. "त्यायचंच होतं ना."

"त्यात काय होतं, पाह्यलं का?"

"पाह्यलं. वाटलं, तुमी दुकानातून आनलं. त्यायच्या पोट्ट्यायले होऊन जाईल. काऊन? तुमाले खायचं होतं?"

तेवढ्यात कुंपणाच्या भिंतीवर शेजाऱ्याचं डोकं उगवलं. "का हो भाऊ! वहिनी लाल-लाल काडीवाले लाडू देऊन गेल्या! आज कोनती तारीख हाय, मालूम आहे ना? आमची बायको शरमून राहिली इकडं!"

माझे कान तापले. बायकोनं वळून माझ्याकडं पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, ओले केस, कोपराला आंघोळीतूनही सुटलेलं चॉकलेट.

"तुमी केले?"

"पोरीनं सांगतलं..."

"कोनासाठी?"

"घरात दुसरं कोन आहे?"

प्रेमाचं याहून स्पष्ट बोलणं माझ्या हातून आजवर झालेलं नाही.

माझी बायको म्हणजे शेजारी विरजण मागायलाही संकोचणारी बाई. दिलेलं परत मागणं तर आमच्या गल्लीत कुणी ऐकलेलं नाही. तिनं पदर खोचला, भिंतीशी गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भाऊजी, एक वापस द्या. ते माह्यासाठी केले होते ह्यायनं."

"सरले ना वहिनी! पोट्ट्यायनं पाच मिनिटं नाही ठेवले." मग त्यानं भिंतीआडचा हात वर केला. त्यात एक काडी होती. "हा माह्या वाट्याचा. उष्टा नाही केला अजून."

बायकोनं तो घेतला आणि तिथंच उभ्यानं खाल्ला. जवळच्या बिरसी विमानतळाचं एक शिकाऊ विमान घिरटी घालून गेलं. मी निकालाची वाट पाहत होतो.

"साय जास्त झाली," ती म्हणाली. मग काडी निरखत, "बडीशेप लालच काऊन हो सगळी?"

"वेचून लावली."

"एकेक?"

"मंग?"

तिनं पदराच्या टोकानं माझ्या कोपराचं चॉकलेट पुसलं.

"बाकीची हिरवी-पिवळी कुठं आहे?"

"पुडीतच."

"आना मंग."

अंधार पडेपर्यंत आम्ही पायरीवर बसून ती बडीशेप खात होतो. टीव्ही आत एकटाच बोलत होता.